थेट प्रक्षेपणाचा सर्व्हर: मशिन स्वस्त, डेटा महाग

एखाद्या व्याख्यानमालेचं थेट प्रक्षेपण स्वतःच्या क्लाउड सर्व्हरवरून करायचं ठरलं, की ‘मशिन किती ताकदीचं घ्यायचं?’ यावर चर्चा सुरू होते. त्याआधी एक गुणाकार करावा. 720पी चित्राला साधारण 2.5 एमबीपीएस लागतात, म्हणजे एका प्रेक्षकामागे तासाला सुमारे 1.1 जीबी. 200 जणांनी तीन तास पाहिलं तर 675 जीबी डेटा बाहेर गेला. क्लाउडवाले आत येणाऱ्या डेटाचे सहसा पैसे लावत नाहीत, बाहेर जाणाऱ्याचे जीबीच्या हिशेबाने लावतात. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) महिन्याचे पहिले 100 जीबी मोफत, पुढे मीटर सुरू. 2 व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि 4 जीबी रॅमच्या मशिनचं तीन तासांचं भाडं मात्र एका कटिंगच्या आसपास पडतं.

त्याच 200 जणांना एकाच वेळी पुरवायचे म्हणजे 500 एमबीपीएसचा प्रवाह. एडब्ल्यूएसच्या टी3 मीडियम मशिनपुढे ‘5 जीबीपीएसपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. यातल्या ‘पर्यंत’कडे नीट पाहावं. त्याचा कायमचा वेग 256 एमबीपीएस इतकाच आहे; वरचा वेग थोडा वेळ मिळतो आणि मग आटतो. पहिला अर्धा तास झकास आणि नंतर सगळ्यांचं चित्र अडकतंय, असं झालं तर आधी इथे शंका घ्यावी. प्रेक्षक शंभराच्या पुढे जाणार असतील, तर समोर सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून वाटणारी सेवा, ठेवणं शहाणपणाचं.

मांडणी तशी सोपी आहे. उबुंटू लिनक्सवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि त्याचं आरटीएमपी मॉड्यूल ‘एपीटी’ या इन्स्टॉलरने बसवायचं. आरटीएमपी हा फ्लॅशच्या जमान्यातला प्रोटोकॉल. 2020च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं, तरी कॅमेऱ्याकडून सर्व्हरपर्यंत चित्र पोचवायला तो अजून सर्रास वापरतात. आरटीएमपीचा ब्लॉक एनजिनएक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये एचटीटीपी ब्लॉकच्या बाहेर लिहायचा. आत लिहिला तर एनजिनएक्स सुरूच होत नाही. आरटीएमपीचा पोर्ट 1935 दोन ठिकाणी उघडावा लागतो: क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (ही क्लाउडच्या बाजूची फायरवॉल) आणि, मशिनवरची फायरवॉल चालू असेल तर, तिच्यातही. ओबीएस, म्हणजे सभागृहातल्या संगणकावरून चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर, ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून अडून बसतं तेव्हा बहुतेक वेळा यातलं एक राहिलेलं असतं.

प्रेक्षकापर्यंत चित्र जातं ते एचएलएस या पद्धतीने. सर्व्हर आलेल्या प्रवाहाचे चार-चार सेकंदांचे तुकडे पाडतो आणि त्यांची यादी एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो. ही ‘एम3यू8’ फाइल उघडून पाहावी. एका क्षणी त्यात तुकडा 412 ते 416 दिसतील, चार सेकंदांनी 413 ते 417. प्लेअर ही यादी पुन्हापुन्हा मागवतो आणि नवा तुकडा दिसला की तो उचलतो. बाकी सगळी साधी फाइलींची देवाणघेवाण आहे, म्हणून कुठलाही वेब सर्व्हर किंवा सीडीएन हे काम करू शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कीफ्रेमवरून. एच.264 या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये पूर्ण चित्र (म्हणजेच कीफ्रेम) अधूनमधूनच येतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात. तुकडा कापायचा तर पूर्ण चित्रापाशीच, नाहीतर पुढचा तुकडा उलगडणार कसा? ओबीएसमध्ये कीफ्रेमचं अंतर ‘ऑटो’ ठेवलं तर त्यातला एक्स264 हा एन्कोडर जास्तीत जास्त 250 फ्रेम थांबतो. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर झाले 10 सेकंद. तुम्ही कॉन्फिगमध्ये 4 लिहिलं तरी तुकडे 10 सेकंदांचे पडतात. शिवाय प्लेअर थेट टोकापासून साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो, म्हणजे वक्ता बोलल्यावर अर्ध्या मिनिटाने घरी ऐकू येतं. ओबीएसमध्ये अंतर 2 सेकंद करावं, रेट कंट्रोल सीबीआर (एकसारखा बिटरेट), व्हिडिओ 2500 केबीपीएस, ऑडिओ एएसी 128. सभागृहातून मिळणारा अपलोड वेग याच्या दुप्पट तरी हवा. डाउनलोडचा आकडा इथे काही कामाचा नाही.

पान उघडतं पण चित्र काळं? तुकड्यांचं फोल्डर रिकामं असेल, तर एनजिनएक्स ज्या युजरने चालतो त्याला तिथे लिहायची बहुधा परवानगी नाही. तुकडे पडताहेत, व्हीएलसीमध्ये दिसताहेत, पण ब्राउझरमध्ये नाहीत? मग बहुधा पान एचटीटीपीएसवर आणि व्हिडिओ साध्या एचटीटीपीवर आहे, किंवा पान दुसऱ्या डोमेनवर असून कॉर्सचा हेडर (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला फाइल वाचू देणारी परवानगी) लावलेला नाही. सफारी एचएलएस स्वतः वाजवतं. फायरफॉक्ससाठी एचएलएस डॉट जेएस ही लायब्ररी लावावी. सीडीएन असेल तर यादीची फाइल कॅश होऊ (साठवून ठेवली जाऊ) देऊ नये, नाहीतर सगळ्यांना तेच जुने पाच तुकडे मिळत राहतात. तुकडे मात्र खुशाल कॅश होऊ द्यावेत.

वरच्या मांडणीत सर्व्हर चित्राला हातही लावत नाही, नुसतं कापतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो. कमी नेटवाल्यांसाठी 480पीची दुसरी आवृत्ती एफएफएमपेग या प्रोग्रामने बनवायला घेतली, की चित्र पालटतं. टी3सारख्या मशिनवर प्रोसेसरही क्रेडिटवर, म्हणजे कमी वापराच्या वेळी साठणाऱ्या कोट्यावर, चालतो. क्रेडिट संपलं की सेटिंगनुसार वेग तरी पडतो, नाहीतर जादा बिल तरी लागतं. गरज नसेल तर एकच 480पी प्रवाह 1000 केबीपीएसने पाठवावा: व्याख्यानाला तेवढं पुरतं आणि 675चे 270 जीबी होतात.

1935 पोर्ट उघडा आणि स्ट्रीम की (चित्र पाठवणाऱ्याचा पासवर्डच म्हणा) तपासलीच जात नसेल, तर तिऱ्हाईत माणूसही तुमच्या सर्व्हरवर स्वतःचं चित्र ढकलू शकतो. मॉड्यूलमधली ‘ऑन पब्लिश’ ही सोय की तपासण्यासाठीच आहे.

कार्यक्रम संपल्यावर मशिन ‘स्टॉप’ केलं तरी डिस्कचं आणि राखून ठेवलेल्या आयपीचं भाडं चालू राहतं. कॉन्फिग फाइल उतरवून घ्यावी, मशिन ‘टर्मिनेट’ करावं आणि आयपी सोडून द्यावा.