‘हात लावू नकोस, पोलिसांचं लचांड मागे लागेल!’

हायवेवर दुचाकीवाला रक्तबंबाळ पडलाय, भोवती पंधरा माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाईल; पण रिक्षा कुणी थांबवत नाही. कारण तेच जुनं: ‘उचललं की आपणच अडकतो. जबाब, कोर्टाच्या फेऱ्या, वर दवाखान्याचं बिल.’

ही भीती अगदीच हवेतली नव्हती, एकेकाळी लोकांना असा त्रास झालाय. पण ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे केंद्राचे नियम बंधनकारक केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करताना हातून काही चुकलं, जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. दवाखान्यात सोडून लगेच निघता येतं. दाखल करण्याचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत (तुम्ही नातेवाईक असाल तर गोष्ट वेगळी). साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. हे हक्क मराठीतही लिहून दवाखान्याच्या दाराशी लावायचे, असा २०२० चा नियम आहे. पुढच्या वेळी गेलात तर बघा, सापडतोय का तो फलक!

ज्याच्या गाडीने धडक दिली त्याला मात्र हे कवच नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्यच आहे. बाकीच्यांनी १०८ लावा.