पाणी येतं उतारावरून, जातं पंपावरून: मुंबईच्या उदंचन केंद्रांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात वृत्तपत्रांत रोज एक छोटं कोष्टक येतं. तुळशी १३९.१७ मीटर, तानसा १२८.६३, मोडक सागर १६३.१५, मध्य वैतरणा २८५, अप्पर वैतरणा ६०३.५१. तलाव कितीवर भरून वाहतो, ती ही पातळी. किती टक्के पाणी जमा झालं एवढंच बघून आपण पान उलटतो. पण मुंबईच्या पाण्याचं सगळं गणित या उंचीच्या आकड्यांतच आहे. तलाव उंचावर आणि शहर समुद्रकाठी, त्यामुळे धरणातून जलवाहिनीत सोडलेलं पाणी बरंचसं अंतर स्वतःच्या वजनावर कापतं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं, तेही असंच. पुढे तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) यांचीही आखणी त्याच तत्त्वावर झाली. मलबार हिल आणि भंडारवाडा या टेकड्यांवर जलाशय बांधले तेही उंचीसाठीच: एकदा पाणी वर साठवलं की खालच्या वस्तीला ते आपोआप उतरतं. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये फिरायला जाणाऱ्या अनेकांना आपल्या पायाखाली पाण्याची टाकी आहे याची कल्पनाही नसते.

भातसा धरणाचं पाणी मात्र याला अपवाद. धरण उंचावर असलं तरी पाणी नदीपात्रातून वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि वाटेत ती उंची हातची जाते. म्हणून पिसे इथे ते पंपाने उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यावं लागतं. तिथून ते पुन्हा पंपाने येवईच्या जलाशयात चढवतात आणि मग ते मुंबईकडे उताराला लागतं. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा या वाटेने येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसे केंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, तेव्हा तलावांत पाणी असूनही मुंबईत पाणीकपात करावी लागली. उतारावरून येणाऱ्या पाण्याला विजेची फिकीर नसते. पंपाने चढवलेलं पाणी वीज गेली की तिथेच थांबतं.

नुसतं थांबलं तरी एक वेळ ठीक. चालू पंप अचानक बंद पडला की वाहिनीतला पाण्याचा लांबच लांब स्तंभ आधी पुढे ओढला जातो, मग उलटा फिरून आदळतो. याला वॉटर हॅमर म्हणतात आणि त्या धक्क्याने जाडजूड पोलादी वाहिनीही फुटू शकते. म्हणून पंपाच्या पुढे एकाच दिशेने उघडणारी झडप असते, वाहिनीवर हवेच्या झडपा असतात आणि धक्का पोटात घेणाऱ्या टाक्याही असतात.

हे झालं येणाऱ्या पाण्याचं. शहराची खरी पंचाईत आहे ती पाणी बाहेर घालवण्याची, आणि तिचं मूळ अठराव्या शतकात आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये एक मोठी खिंड होती आणि भरतीचं पाणी तिच्यातून आत घुसून भायखळ्यापर्यंतचा भाग बुडवायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात सुरू झालेल्या बांधाने १७८० च्या दशकात ही खिंड बुजवली. जमीन मिळाली, बेटं जोडली गेली, पुढे तिच्यावर वस्ती आणि गिरण्या उभ्या राहिल्या. जमिनीची पातळी मात्र होती तीच राहिली, म्हणजे मोठ्या भरतीपेक्षा खाली. बांधाने समुद्राला आत येण्यापासून रोखलं, तसं आतल्या पाण्याला बाहेर जाण्यापासूनही.

विहारचं पाणी आल्यावर हे दुखणं वाढलं. घरोघरी पाणी पोहोचलं, पण वापरलेलं पाणी जाणार कुठे याची सोय मागून आली. सांडपाणी उघड्या गटारांत आणि जमिनीत मुरत राहिलं. मुख्य गटार वरळीच्या बाजूला समुद्रात सोडलं होतं, पण भरती असेल तेव्हा त्याचं तोंड बंद ठेवावं लागे. याच गरजेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीला लव्हग्रोव्हचं मलजल उदंचन केंद्र, म्हणजे सांडपाणी पंपाने वर उचलणारं केंद्र, आलं. आधी पाणी आणि मग गटार हा क्रम चुकीचाच होता, आणि त्याची किंमत गिरणगावातल्या दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांनी मोजली.

मलजल केंद्राचं काम समजायला सोपं, चालवायला कठीण. जमिनीखालच्या वाहिन्या उताराने टाकलेल्या असतात. त्यामुळे घाण पाणी जसजसं पुढे जातं तसतशी वाहिनी खोल जाते. ती आणखी खोल नेणं परवडेनासं झालं की तिथे एक मोठी विहीर बांधतात. पाणी आधी जाळ्यांतून जातं. चिंध्या, प्लास्टिक, लाकडं तिथे अडतात, नाहीतर पंपाची पाती जाम होतील. मग ते विहिरीत साठतं. पातळी एका खुणेवर आली की पहिला पंप सुरू होतो, आणखी चढली की दुसरा, आणि पाणी उतरलं की ते क्रमाने बंद होतात. एखादा पंप नेहमी राखीव असतो. पंप पाणी वर उचलून दाबाच्या वाहिनीत ढकलतो आणि पुढच्या केंद्राकडे किंवा प्रक्रियेकडे पाठवतो. वरळी आणि वांद्रे इथून ते पाणी शेवटी समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडतात. त्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो जास्त झाला की वासही येईनासा होतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तिथेच कोसळतो. वायू तपासल्याशिवाय आणि हवा खेळवल्याशिवाय कुणालाही आत उतरवणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

पावसाच्या पाण्याची व्यवस्था मुंबईत वेगळी आहे, आणि तिच्यात पंप फार उशिरा आले. जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि तोही ओहोटीच्या वेळी, असं धरून बांधलेल्या होत्या. या वाहिन्यांचं पाणी जिथे समुद्रात आणि खाड्यांत पडतं त्या १८६ पातमुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत ती फक्त ६. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या प्रकल्पाचा, अहवाल १९९३ मध्ये आला. त्यात क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याची आणि पर्जन्य जल उदंचन केंद्रं बांधण्याची शिफारस होती. पैसा नाही म्हणून तो बराच काळ पडून राहिला. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने कारणं तपासली, आणि बारा वर्षं थांबलेल्या कामाला गती आली.

हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझधरबंध ही पावसाच्या पाण्याची सहा केंद्रं टप्प्याटप्प्याने उभी राहिली. नाल्याच्या तोंडाशी दरवाजे असतात. ओहोटी असेल तर ते उघडे राहतात आणि पाणी आपसूक जातं. समुद्र नाल्यापेक्षा वर चढला की दरवाजे पडतात आणि पंप सुरू होतात. इथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दोन सेकंदांच्या आत रिकामा. पण पाणी पंपापर्यंत पोहोचलं तर ना! दादरजवळच्या हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या भागातलं पाणी वाहिनीतून तिथवर जायलाच वेळ लागतो. म्हणून तिथे प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. जवळचं पाणी पंपाने त्यांत भरायचं आणि भरती ओसरली की सोडून द्यायचं.

ब्रिमस्टोवॅडच्या आठ केंद्रांच्या आराखड्यातली माहुल आणि मोगरा ही दोन मात्र वर्षानुवर्षं जागेच्या वादात अडकली. किंग्ज सर्कल, गांधी मार्केट, सायन, चेंबूर या भागांचा निचरा माहुलवर अवलंबून आहे आणि तिथे आधी ठरलेली जागा मिठागराची होती. पाण्याची टाकी कुठल्याही टेकडीवर बांधता येते. पावसाच्या पाण्याचं उदंचन केंद्र नाल्याच्या तोंडाशीच लागतं आणि ती जागा दुसरीकडे शोधता येत नाही.