रुंद टायर (मारुती सुझुकी जिमनी)

एसयूव्हीला मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवण्याचा फेरफार. जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारी जिमनीवर तो बराच होतो, कारण तिचे मूळ टायर १९५/८० आर१५ म्हणजे तसे अरुंदच.

मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा बाजूची उंची (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. या हिशेबाने मूळ टायरचा व्यास ६९३ मिमी, तर २१५/७५ आर१५ चा ७०३.५ मिमी. फरक दीड टक्क्याचा. स्पीडोमीटर तेवढाच मागे पडतो आणि गाडी जेमतेम ५ मिमी उचलली जाते. मूळ साडेपाच इंची रिमवर हा टायर बसतो, स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. जिमनीला एवढी वाढ पुरे. २३५/७५ आर१५ चा व्यास ७३३.५ मिमी होतो. मग स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आत रेडियस आर्मला (अ‍ॅक्सलला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्याला) आणि पुढे बंपरच्या प्लॅस्टिकला घासतो, शिवाय १३४ न्यूटन-मीटरचे इंजिन घाटात दमते.

हे घासणे चुकवायला स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये बसणाऱ्या जाड चकत्या) लावू नयेत. चाक बाहेर सरकते, खड्ड्याचा धक्का थेट स्टिअरिंगला पोचतो आणि बेअरिंगवर भार येतो. पुढचा अ‍ॅक्सल अखंड (दोन्ही चाकांना जोडणारा एकच) असल्याने जिमनीत ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडू लागते. तसे झाल्यास आधी बॅलन्सिंग, मग किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते), शेवटी स्टिअरिंग डँपर (थरथर शोषणारा दांडा) पाहावा.

टायर स्टेपनीसह पाचही एकाच मापाचे घ्यावेत; व्यास वेगळे असले तर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, ९६ च्या (७१० किलो) खाली नको. व्हॉल्व्ह नवे घालावेत. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, कारण गंजावर आवळलेला नट आज घट्ट लागतो आणि चार दिवसांत सैल होतो. पाचही नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने १०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. एअर गनवर विसंबू नये. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

घासते कुठे ते खडूने कळते. मडगार्डच्या आतल्या अस्तराला आणि रेडियस आर्मला खडू फासावा, एक पुढचे चाक ठोकळ्यावर चढवावे आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावे. टायरवर पांढरा पट्टा उमटला, की जागा सापडली.

रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात वेग आवरता ठेवावा. पातळ चिखलात अरुंद टायरच खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो. मऊ वाळूत रुंदी कामी येते खरी, पण हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवल्याने त्याहून जास्त फरक पडतो; डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निकाल दिला. मडगार्डबाहेर डोकावणारा टायर तपासणीत पहिल्याच नजरेला दिसतो. माप बदलण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे.