दात इंजिनाला की रुळांना? कॅसची गाडी आणि उटीची गाडी

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, ग्रीनब्रायर नदीच्या काठी, कॅस हे लाकूडतोडीचं जुनं गाव राज्य सरकारनं जपून ठेवलंय. तिथं दातेरी चाकांचं वाफेचं इंजिन डोंगर चढतं असं सांगितलं, की आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात, ‘म्हणजे उटीसारखंच की!’ गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हीकडे इंजिन उताराच्या बाजूला असतं आणि डबे वर ढकलत नेतं. चढतानाचा वेगही तसाच, रमतगमत. पण डोंगर चढण्याची युक्ती मात्र दोघांची अगदी वेगळी आहे.

उटीच्या वाटेवर कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दोन रुळांच्या मधोमध दात असलेल्या पोलादी पट्ट्या बसवलेल्या आहेत. इंजिनाखालचं दंतचक्र त्या दातांत अडकतं आणि गाडी दात-दात करत वर सरकते. इंजिनाला चार सिलिंडर असतात. दोन नेहमीची चाकं फिरवतात, दोन हे दंतचक्र. पाऊस असो वा धुकं, घसरायचा प्रश्न येत नाही, कारण पकड दातांची असते. चढ १२ फुटांना एक फूट.

कॅसला जाल तेव्हा रुळांमध्ये वाकून बघा. तिथं काहीच नाही, साधे रूळ. आणि चढ? सगळ्यात अवघड जागी शंभराला अकरा, म्हणजे साधारण ९ फुटांना एक फूट. उटीपेक्षाही खडा! आपल्या माथेरानचा चढ २० फुटांना एक आहे, यावरून अंदाज यावा.

हे जमतं ते ‘शे’ इंजिनामुळे. मिशिगनमधल्या इफ्रेम शे या लाकूड व्यावसायिकानं ते घडवलं आणि १८८१ मध्ये पेटंट घेतलं. नेहमीच्या वाफेच्या इंजिनात मोजकीच चाकं जोर लावतात, बाकीची नुसती वजन वाहतात. शिवाय जोर हिसक्याहिसक्यानं येतो, त्यामुळे खड्या चढावर चाक जागीच फिरायला लागतं. शेनं सिलिंडर उभे केले आणि ते सगळे इंजिनाच्या उजव्या कुशीला लावले. त्यांच्यापासून एक लांब दांडा इंजिनाच्या कडेनं जातो आणि दातेरी चाकांमार्फत प्रत्येक चाक फिरवतो, पाणी वाहणाऱ्या मागच्या भागाखालचीसुद्धा. पूर्ण वजन पकडीच्या कामी येतं आणि जोरही सलग मिळतो. वळणावर हा दांडा दुमडतो, लांबीलाही कमी-जास्त होतो, म्हणून वेडीवाकडी वळणं त्याला चालतात. सगळं यंत्र उजवीकडे आल्यामुळे तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलाय. समोरून पाहिलं की इंजिन चक्क तिरपं वाटतं. आवाज ऐकाल तर गाडी सुसाट सुटली असं वाटेल, प्रत्यक्षात ती माणसाच्या पळण्याच्या वेगानं चाललेली असते. मला वाफेच्या इंजिनांतलं याहून देखणं यंत्र माहीत नाही, आणि ते सगळं उघड्यावर दिसतं. म्हणून गाडी सुटण्याआधी उजव्या बाजूला जाऊन उभे राहाच.

मग दातेरी पट्टी का नाही टाकली? कारण जंगल. १९०१ मध्ये कागद कंपनीनं कॅस वसवलं ते वरच्या स्प्रूसच्या झाडांसाठी. एक उतार तोडून झाला की तिथले रूळ उचलून पुढच्या उतारावर टाकायचे. अशा हंगामी रुळांवर महागडी पट्टी कोण बसवणार? उटीचा मार्ग कायमचा होता, तिथं तो खर्च परवडला. कॅसला चढाचा खडेपणा कमी करायला गाडी दोनदा उलटसुलट दिशेनं चालवतात. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी रिव्हर्सिंग होतं, तसंच.

कॅसची लाकूड कापायची गिरणी १९६० मध्ये बंद पडली आणि १९६३ पासून त्याच रुळांवर प्रवासी जाऊ लागले. डबेही लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या वाघिणींवरच बांधलेत. १९०५ चं पाच नंबरचं शे इंजिन सुरुवातीपासून याच डोंगराचं आहे. १९४५ मध्ये बनलेलं जगातलं शेवटचं शेही इथंच आहे.

जायचं असेल तर दोन फेऱ्यांमधून निवड करावी लागते. व्हिटेकरची फेरी छोटी. तिथं लाकूडतोड्यांचा जुना तळ मांडून ठेवलाय. पूर्ण दिवस हाताशी असेल तर बॉल्ड नॉब या शिखराचीच फेरी घ्या. ११ मैल चढून गाडी ४,८०० फुटांच्या आसपास पोचते आणि खडा चढ खऱ्या अर्थानं अनुभवता येतो. वर उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर हवाच. कामगारांची पांढरी लाकडी घरं राहायला भाड्यानं मिळतात. जवळच ग्रीन बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण असल्यानं त्या भागात रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. फोनच्या भरवशावर राहू नका, तिकिटं आणि नकाशा घरूनच छापून न्या.