बिनतारी फ्लॅश : दोष व दोषशोध

बिनतारी फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (माथ्यावरील फ्लॅशच्या खाचेत) न बसवता स्टँडवर, छत्रीत किंवा सॉफ्टबॉक्समध्ये ठेवलेला आणि प्रकाशाच्या अथवा रेडिओच्या संकेताने पाडला जाणारा फ्लॅश. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड समोरून सपाट पडतो. बाजूने आलेल्या उजेडात मात्र चेहऱ्याची ठेवण, दागिन्यांचे कोरीवकाम व शालूचे काठ उठून दिसतात. खानदेशातील स्टुडिओंत संकेत पाठवणारा व तो घेणारा या दोन्ही उपकरणांना सरसकट ‘ट्रिगर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ‘ट्रिगर’ हा शब्द कॅमेऱ्यावरील प्रेषकासाठी आणि ‘रिसीव्हर’ हा फ्लॅशकडील ग्राहकासाठी वापरला आहे.

उगम : या तंत्राचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांची मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश पावडर (१८८७) आणि १९२९-३० च्या सुमारास बाजारात आलेला फ्लॅश बल्ब ही दोन्ही साधने कॅमेऱ्यापासून दूर ठेवता येत. पण ती हाताने किंवा तारेने पेटवावी लागत, म्हणून त्यांची जागा पूर्वपीठिकेतच आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरल्ड एजरटन यांनी १९३० च्या दशकात वायूभरित नळी व धारित्र (कपॅसिटर) यांवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. एका फ्लॅशचा उजेड प्रकाशसंवेदी घटकावर पडून दुसरा फ्लॅश पडणे ही ‘स्लेव्ह’ची कल्पना त्यानंतरची असून तिचा सार्वत्रिक प्रसार साधारणपणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

दुसरा मतभेद ‘पहिली बिनतारी प्रणाली’ कोणती याविषयी आहे. कॅननचा ५५०ईएक्स हा फ्लॅश (१९९८) किंवा निकॉनची क्रिएटिव्ह लायटिंग सिस्टिम (२००३) यांना हा मान पुष्कळदा दिला जातो. केवळ फ्लॅश पडणे हा निकष धरला, तर जुने प्रकाशीय स्लेव्ह दोहोंच्या आधीचे ठरतात. भिंगातून आलेला उजेड मोजून दूरच्या फ्लॅशची मात्रा ठरवणे, म्हणजे टीटीएल नियंत्रण, हा निकष लावल्यास १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच्या मिनोल्टाच्या एक्सआय कॅमेरामालिकेकडे अग्रमान जातो. हा निकष अधिक सयुक्तिक वाटतो, कारण आजचे बरेच दोष टीटीएलच्या पूर्वप्रकाशातून, म्हणजे मापनासाठी आधी टाकलेल्या क्षीण प्रकाशातून, उद्भवतात. फ्लॅशच्या अंगातच रेडिओ बसवण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत कॅननच्या ६००ईएक्स-आरटी (२०१२) व निकॉनच्या एसबी-५००० (२०१६) या फ्लॅशनी रूढ केली. चिनी बनावटीचे स्वस्त रेडिओ ट्रिगर त्याआधीच तालुक्याच्या गावांपर्यंत पोचू लागले होते.

दोषशोधाचे मूलतत्त्व : फ्लॅश पडला का, वेळेवर पडला का आणि पुरेसा पडला का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र केले की सेल बदलणे, चॅनेल बदलणे आणि शेवटी ट्रिगरच बदलणे अशी निष्फळ धावपळ होते. फ्लॅश डोळ्यांना दिसला म्हणजे तो फोटोत आलाच असे नाही. १/२०० सेकंदाचे शटर अवघे ५ मिलिसेकंद उघडे असते, आणि तेवढ्यातला उशीर डोळ्याला कळत नाही.

पहिली कसोटी ट्रिगरवरील टेस्ट बटणाची. टेस्ट बटणाने फ्लॅश पडतो पण शटरने पडत नाही, तर दोष कॅमेरा व ट्रिगर यांच्यामध्ये आहे. रिसीव्हरला हात लावू नये. दोन्हींनी पडत नसेल तर चॅनेल, ग्रुप, आयडी, रेडिओमार्ग किंवा वीजपुरवठा तपासावा. दोन्हींनी पडतो पण फोटो काळाच येतो, तर दोष वेळेचा.

कॅमेरा व ट्रिगर यांमधील दोष : ट्रिगरचा पाय हॉट शूमध्ये एक-दोन मिलिमीटर मागे राहिला तरी संपर्क तुटतो. पाय पूर्ण पुढे सरकवून कडी आवळावी. उन्हाळ्यात घामाचा क्षार व धूळ संपर्कबिंदूंवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या सुती कापडाने ते पुसावेत. सॅंडपेपर वापरल्यास वरचा मुलामा जातो आणि गंज लवकर चढतो.

कॅननच्या १५००डी, ३०००डी व २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये मधला गोल संपर्कबिंदूच नाही. त्यामुळे केवळ त्या बिंदूवर चालणारा साधा एकबिंदू ट्रिगर त्यांवर चालत नाही. कॅननच्या संकेतांवर चालणारा व अद्ययावत फर्मवेअर असलेला ट्रिगर लागतो. नवशिक्याच्या हाती बहुधा हेच कॅमेरे असल्याने चांगले ट्रिगर नाहक ‘खराब’ ठरून परत जातात. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर चालू असताना फ्लॅश पडत नाही. मॅन्युअल फ्लॅशबरोबर स्क्रीन काळी दिसत असेल तर तो दोष नसून एक्स्पोजर प्रीव्ह्यू चालू आहे. ते बंद करावे.

जुने फ्लॅश नव्या कॅमेऱ्याला थेट जोडण्यापूर्वी त्यांचे ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवरचा विद्युत्‌दाब, मोजावे. काही जुन्या फ्लॅशमध्ये ते २०० व्होल्टच्या वर असते, तर आयएसओ १०३३० या मानकातील मर्यादा २४ व्होल्ट आहे.

वेळेचे दोष : यात पूर्वप्रकाशाचा दोष सर्वांत फसवा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर असेल तर मुख्य प्रकाशाआधी तो मापनासाठी एक क्षीण प्रकाश टाकतो. दूरचा फ्लॅश एस१ या प्रकाशीय स्लेव्ह पद्धतीवर असेल तर तो त्या पहिल्याच प्रकाशाला पडतो आणि शटर उघडेपर्यंत रिकामा होतो. पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच लखलखाट वाटतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर आणावा, किंवा पहिला प्रकाश सोडून दुसऱ्याला पडणारी एस२ पद्धत निवडावी. रेड-आय रिडक्शन (डोळे लाल दिसू नयेत म्हणून आधी प्रकाश टाकण्याची सोय) चालू असेल तर एस२ही चुकते, कारण पूर्वप्रकाशांची संख्या बदलते.

फोटोच्या तळाशी काळा पट्टा येणे हा शटरवेगाचा दोष. शटरचा पहिला पडदा उघडून दुसरा सुटण्यापूर्वीच्या क्षणात फ्लॅश पडावा लागतो. हे जमणारा सर्वांत जलद शटरवेग म्हणजे सिंक वेग. तो बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५० असतो. संवेदकावर प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरून खाली येणाऱ्या दुसऱ्या पडद्याची सावली फोटोत तळाशी दिसते. कॅमेरा उभा धरल्यास ती बाजूला येते. स्वस्त ट्रिगर थोडा उशीर लावतो, त्यामुळे पुस्तिकेत १/२०० दिलेल्या कॅमेऱ्यावरही १/२०० ला पट्टा येऊ शकतो. खोलीत अंधार करून, आयएसओ १००, एफ/८ व फ्लॅश १/१६ मात्रेवर ठेवून पांढऱ्या भिंतीचे १/१२५, १/१६०, १/२०० व १/२५० असे चार फोटो घ्यावेत. पट्टा न आलेला सर्वांत जलद वेग हा त्या जोडीचा खरा वेग. तो ट्रिगरवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराची लग्ने भर उन्हात लागतात. आयएसओ १०० ला एफ/१६ व १/१२५ मिळणाऱ्या उन्हात एफ/२.८ वर यायचे तर शटर १/४००० लागते. तेथे हाय स्पीड सिंक, म्हणजे सिंक वेगापलीकडेही फ्लॅश चालवण्याची सोय, हवे. ते ट्रिगर, फ्लॅश व कॅमेरा तिन्हींना जमणारे असले पाहिजे. त्यात फ्लॅश अखंड स्पंदने टाकतो, म्हणून पोच बरीच घटते आणि नळी तापते. भिंगावर उजेड पाच स्टॉपने (प्रत्येक स्टॉपला निम्मा) कमी करणारा एनडी ३२ फिल्टर लावून १/१२५ वरच राहणे हा पर्याय लहान फ्लॅशला पुष्कळदा अधिक मानवतो.

रेडिओमार्गाचे दोष : आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. भारतात हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असून पाणी ती शोषते. माणसाचे शरीर व केळीचा खांब दोन्ही मुख्यतः पाणीच. फोटोग्राफरच्या पाठीमागे ठेवलेला फ्लॅश म्हणूनच चुकतो. रावेर-यावल भागात केळीच्या बागेत प्री-वेडिंगचे फोटो काढताना, मोकळ्या रानात ५० मीटरवर चालणारा फ्लॅश दाट ओळीआड कितीतरी जवळ असूनही पडेनासा होतो. फ्लॅश ओळींच्या मधल्या वाटेत, ट्रिगरच्या नजरेच्या रेषेत आणि छातीच्या वर ठेवावा.

पत्र्याच्या मंगल कार्यालयात अडचण वेगळी असते. पत्र्यावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीला काही जागी मारून टाकते. अशा वेळी चॅनेल बदलण्याआधी स्टँड वीतभर सरकवून पाहावा. अर्ध्या लहरीएवढे, म्हणजे सहा-सात सेंटिमीटरचे अंतरही पुरते. थेट प्रक्षेपणाचे वाय-फाय राउटर जवळ असल्यास मात्र चॅनेल दूरचा निवडावा.

वरपक्ष व वधूपक्ष यांचे फोटोग्राफर वेगळे असतात, आणि दोघांचेही ट्रिगर कारखान्यातून आलेल्या चॅनेल १ वरच असतात. एकाच्या शटरने दुसऱ्याचा फ्लॅश पडतो, सेल संपतात आणि ऐन मंगलाष्टकाच्या शेवटी फ्लॅश भरलेला नसतो. हळदीच्या वेळीच दोघांनी चॅनेल वाटून घ्यावेत. गोडॉक्स कंपनीच्या प्रणालीत चॅनेलबरोबर ०१ ते ९९ असा आयडीही देता येतो. तो ट्रिगर व फ्लॅश दोन्हींवर सारखा हवा, एकीकडे बंद व दुसरीकडे चालू असल्यास संपर्क होत नाही. फ्लॅश ट्रिगरच्या अगदी जवळ असताना चुकत असेल तर ट्रिगरच्या मेन्यूत अंतर ०-३० मीटर करावे. परदेशातून आणलेल्या जुन्या पॉकेटविझार्ड ट्रिगरांमध्ये अमेरिकी (३४० ते ३५४ मेगाहर्ट्‌झ) व युरोपीय (४३३ मेगाहर्ट्‌झ) संच एकमेकांशी बोलत नाहीत.

प्रकाशीय स्लेव्ह भर उन्हात आंधळा होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठच्या उघड्यावर त्यावर विसंबू नये. कानबाईच्या (खानदेशातील देवीच्या उत्सवाच्या) रात्री घरातल्या लहान खोलीत मात्र भिंतींवरून परतणाऱ्या उजेडावर तो उत्तम चालतो. फ्लॅशचे डोके छताकडे वळवावे, पण संवेदक मुख्य फ्लॅशकडे असावा.

वीजपुरवठा : एक सोडून एक फोटो काळा येत असेल तर फ्लॅश भरायला वेळ लागतो आहे. मात्रा १/१ वरून १/४ वर आणून आयएसओ दोन स्टॉप वाढवावा. लगेच फरक दिसला तर निदान पक्के. पुन्हा चार्ज होणारे चार एनआयएमएच सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात, तर अल्कलाइन ६ व्होल्ट. तरीही पहिले लवकर भरतात, कारण त्यांचा अंतर्गत रोध कमी असतो. चारांतला एक सेल दुबळा असला तर तो उलटा चार्ज होऊन कायमचा बिघडतो, म्हणून चौघांचा संच आकडा घालून एकत्रच वापरावा व चार्ज करावा. जळगाव-धुळ्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद गाडीत ठेवलेला लिथियम पॅक तापून फ्लॅशची संरक्षक यंत्रणा वेग कमी करते किंवा फ्लॅश थांबवते. पॅक सावलीत निवू द्यावा, बर्फावर ठेवू नये. आत दव धरते.

खानदेशातील स्थिती : या प्रदेशात कॅमेऱ्याबाहेरील प्रकाशयोजनेची जाण फ्लॅशपेक्षा जुनी आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-८९) ज्या टेबलटॉप छायाचित्रणासाठी ओळखले जातात, त्यात उजेडाची दिशा हाच कलेचा गाभा असतो. आज बिनतारी संच मुख्यतः लग्नाच्या कामात, तसेच लळिंग किल्ला, पाटणादेवी व तोरणमाळ येथील प्री-वेडिंग छायाचित्रणात वापरले जातात.

निगा : पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या फ्लॅशचे धारित्र सुस्तावते. सेल घालून तो अर्धा तास चालू ठेवावा, मग पूर्ण मात्रेवर एकेक मिनिटाच्या अंतराने पाच-सहा वेळा पाडावा. सेल काढलेल्या फ्लॅशमध्येही धारित्रावर सुमारे ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. झाकण उघडण्याचे काम कारागिराकडेच द्यावे.