मुलीच्या शीच्या जागेचे ऑपरेशन: डायलेटर आणि बॅग घेण्यापूर्वी वाचा

आमच्या काउंटरवर येणारे वडील चिठ्ठी पुढे सरकवतात आणि आवाज खाली करतात. लाजायचे काही कारण नाही. शीची जागा नसणे किंवा भलतीकडे उघडणे हा जन्मदोष साधारण ५,००० बाळांत एकाला असतो. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून तो होत नाही.

मुलींमध्ये हा दोष पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. योनीच्या तोंडाशीच बारीक छिद्र असते, त्यातून पातळ शी येत राहते. घरचे म्हणतात, पोरगी शी करते ना, मग झालं! पुढे वरणभात सुरू झाला की शी घट्ट होते, पोट फुगते, पोर कुंथून लालबुंद होते. नवजात मुलीला आंघोळ घालतानाच तिन्ही जागा वेगवेगळ्या आहेत ना, हे बघा. तिन्ही वेगवेगळ्या दिसत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आज बहुतेक ठिकाणी होते ते ऑपरेशन डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी १९८० साली मेक्सिकोत पहिल्यांदा केले. मागच्या बाजूने मधोमध चिरा घेऊन आतडे स्नायूंच्या वलयात नेमके बसवतात. मुलींमध्ये खरे नाजूक काम म्हणजे आतडे आणि योनीमार्ग यांच्यामधली पातळ सामाईक भिंत सोडवणे. काहींना आधी कोलोस्टॉमी करावी लागते, म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर काढून शी बॅगेत घेतात. मूत्रपिंड, हृदय आणि मणका यांची तपासणी सांगितली असेल तर ती टाळू नका.

डायलेटेशन, म्हणजे डायलेटर नावाच्या कांडीने नवी जागा हळूहळू रुंद करणे, सांगितले असेल, तर ते ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी, टाके भरल्यावर सुरू होते. स्टीलच्या कांडीवरचा नंबर म्हणजे तिची मिलिमीटरमधली जाडी. “एकदाच मोठा द्या, परत चक्कर नको,” असे म्हणणारे भेटतात. आम्ही देत नाही. सुरुवात डॉक्टर ठरवतील त्याच नंबरने. जेली लावून दिवसातून दोनदा, आणि सहसा आठवड्याला एक नंबर वर. कांडी जात नसेल तर जोर लावू नका, फोन करून विचारा. पोर रडते म्हणून आजीने मध्येच थांबवले, तर जागा आकसते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

कोलोस्टॉमीच्या बॅगेचे भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावरच्या आतड्याच्या तोंडापेक्षा, दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापा. एक तृतीयांश भरली की रिकामी करा. खान्देशातल्या मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते, म्हणून कातडी पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच नवी बॅग लावा. स्टोमा लाल आणि ओलसर हवा. काळा-निळा दिसला तर तडक दवाखान्यात.

योनीशेजारी छिद्र असलेल्या मुलींना पुढेही बद्धकोष्ठाचा त्रास होतो. केळ्याच्या मुलखात सांगायला जड जाते, पण अशा पोरीला केळी बेतानेच द्या.

वापरलेला डायलेटर आम्ही परत घेत नाही. सीलबंद असेल तर नंबर बदलून देऊ. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणा.