चिमणी शहराची, चावी वरच्याकडे

कोपनहेगनमध्ये कचरा जाळून वीज आणि उष्णता बनवणारं एक केंद्र आहे. त्याच्या छतावर लोक चक्क स्कीइंग करतात. दुखणं आहे ते चिमणीत. कचऱ्यात प्लास्टिक असतं, प्लास्टिक खनिज तेलातून येतं, म्हणजे ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघणारच. २०२५पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढायचा, असं शहरानं ठरवलं होतं, आणि त्या हिशेबात हा वायू चिमणीतच पकडणं धरलेलं होतं. त्यासाठी राष्ट्रीय निधीवर भिस्त होती. त्या निधीच्या आर्थिक अटी हे केंद्र चालवणाऱ्या, पाच नगरपालिकांच्या मालकीच्या कंपनीला झेपल्या नाहीत. २०२२मध्ये शहरानं मान्य केलं, की मुदत हुकणार.

चूक कुणाची, यापेक्षा चिमणी शहराची पण चावी वरच्या सरकारकडे, ही रचनाच मला जास्त बोलकी वाटते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-तज्ज्ञ मंडळाच्या अंदाजानुसार २०२० साली जगातल्या हरितगृह वायूंपैकी ६७ ते ७२ टक्के शहरांच्या खात्यावर होते. ‘खात्यावर’ म्हणतो, कारण शहरासाठी दूर कुठेतरी जळलेला कोळसा आणि बाहेर तयार झालेलं सिमेंट-पोलादही त्यात येतं. रस्त्यावरचे दिवे एलईडीचे करणं महापौरांच्या हातात असतं; त्या दिव्यांतली वीज कशापासून बनावी, हे बहुतेकदा नसतं.

स्टॉकहोमला मोटारींवर कर लावून रस्त्यावरची गर्दी कमी करायची होती. पण स्वीडनमध्ये नगरपालिका फक्त आपल्या रहिवाशांवर कर लावू शकते, आणि मोटारी तर बाहेरूनही येतात. शेवटी संसदेनं गर्दी-कर राष्ट्रीय कर म्हणून मंजूर केला. २००६मध्ये सात महिने चाचणी झाली, तेव्हा करनाक्यांवरून ये-जा करणारी वाहनं सुमारे एक पंचमांशानं घटली. शहरातल्या सार्वमतानं कौल दिला आणि २००७पासून कर कायम झाला. न्यूयॉर्कची अशीच योजना २००८मध्ये राज्याच्या विधिमंडळात अडली. कायदा २०१९मध्ये झाला, वसुली सुरू व्हायला २०२५ उजाडलं.

उलट बाजूनं, देशाचंही शहरांवाचून अडतं. पॅरिस करारातली वचनं देश देतात, पण नव्या इमारतीच्या भिंतीत उष्णतारोधक थर खरंच घातलाय का, हे पाहायला बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेचाच माणूस जातो.

२०२३च्या दुबई हवामान परिषदेत ‘चॅम्प’ नावाच्या जाहीरनाम्याला सत्तरच्या आसपास देशांनी पाठिंबा दिला. हवामान-योजना आखताना, पैसा उभा करताना आणि अंमलबजावणीत स्थानिक सरकारांशी सहकार्य वाढवायचं, असं त्यात म्हटलंय. मात्र ‘जिथे लागू आणि योग्य असेल तिथे’. कुठे योग्य, हे अर्थातच वरचे ठरवणार.